मशीन रानात उतरण्याआधी : सपाटीकरण, खोदाई आणि रुजलेले गैरसमज

उन्हाळ कांदा चाळीत जातो, आखाजी होते आणि देवळा तालुक्यातल्या रिकाम्या रानांत जेसीबी दिसू लागतात. गिरणाकाठी लोहोणेर, विठेवाडी, भऊरकडच्या काळ्या जमिनीत चाऱ्या काढायच्या असतात. उमराणे, चिंचवे, मेशीच्या अंगाला माळ फोडून डाळिंबाला जागा करायची असते. कुणाला चाळीसाठी ओटा हवा असतो, कुणाला मळ्यातल्या घरापुढचे अंगण सारखे करायचे असते, कुणाला शेततळे घ्यायचे असते. मृगाच्या आत सगळे उरकायचे म्हणून मशीन सगळ्यांना एकाच वेळी हवे. अशा वेळी चार ठिकाणी विचारले जाते ते फक्त तासाचा दर काय, एवढेच.

दर विचारायलाच हवा. पण जमिनीचे पुढच्या दहा वर्षांचे भले-बुरे त्यावर ठरत नाही. वरचा सुपीक थर शेवटी कुठे गेला आणि पावसाचे पाणी कुठे वळले, या दोन गोष्टींवर ते ठरते. ऑपरेटरला या गोष्टी आपण सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नसतो. तो यंत्रात तरबेज असतो, पण आपल्या रानात तो आयुष्यात पहिल्यांदाच आलेला असतो.

"रान पार सपाट झाले की पीक जोरात येते"

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा आहे, म्हणून त्याचा हिशोब नीट मांडतो.

आपली जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली कच्चा खडक आणि मग कातळ. देवळ्याच्या हलक्या पट्ट्यात माती किती खोल आहे, हे विहिरीच्या काठाला उभे राहून पाहिले तरी दिसते. बऱ्याच ठिकाणी ती दीड-दोन फुटांत संपते. सेंद्रिय पदार्थ, जिवाणू, गांडुळे हे सारे प्रामुख्याने तिच्याही वरच्या वीतभर थरात असते.

आता 100 मीटर लांबीचे रान धरा. उतार 2 टक्के, म्हणजे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा 2 मीटर उंच. हे रान एका पातळीत आणायचे तर वरच्या टोकाला 1 मीटर खोल कापावे लागते आणि खालच्या टोकाला 1 मीटर भराव पडतो. मातीची खोली 45 सेंटिमीटर असेल, तर रानाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त भागात मशीन थेट मुरमात शिरते. तिथली माती संपलीच, शिवाय खालच्या टोकाची चांगली माती त्या मुरमाखाली गाडली गेली. दिसायला रान देखणे होते. पण पुढच्या हंगामात कांद्याची पात वरच्या अंगाला पिवळी पडते, आणि शेतकरी खताच्या दुकानात जाऊन कुठले तरी टॉनिक आणतो.

हेच रान 25 मीटर रुंदीच्या चार टप्प्यांत केले, तर कुठेही 25 सेंटिमीटरपेक्षा जास्त कापावे लागत नाही. दोन टप्प्यांमध्ये अर्धा मीटर उंचीचा बांध राहतो. बांधात थोडी जमीन जाते, हे खरे. पण माती रानातच राहते.

टप्पे करायचे नसतील तर दुसरा रस्ता आहे. आधी वरचा अर्धा फूट थर खरवडून एका बाजूला ढीग लावायचा, मग खालच्या मुरमाची कापणी आणि भराव करायचा, आणि शेवटी तो ढीग सगळीकडे सारखा पसरायचा. एका एकरावरचा 15 सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे 600 घनमीटर, साधारण 214 ब्रास माती. ती दोनदा हलवायची म्हणजे मशीनचे तास वाढणारच. "नाना, एवढा उपद्व्याप कशाला, मी बघून घेतो," असे ठेकेदार म्हणाला तरी इथे मागे हटू नये. या वाढीव तासांचे पैसे मला सगळ्या कामातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे वाटतात.

मुळात ठिबकवर किंवा तुषारवर पीक घेणाऱ्याला एवढ्या सपाटीची गरजच नसते. पाटपाण्याच्या वाफ्यालाही सौम्य उतार लागतोच, नाही तर पावसाळी कांद्यात पाणी साचून सड लागते. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा लेझर लेव्हलर खोल काळ्या, मुळातच सपाट जमिनीत फार उपयोगी पडतो. माळावर त्याला काम नाही.

नुकसान आधीच झाले असेल तर? ताग किंवा धैंचा गाडणे, भरपूर शेणखत आणि तलावातला गाळ, हे तीन उपाय आहेत. तिन्हींना वेळ लागतो.

"काळी माती टाकली की जमीन सुधारली"

गाळाचा विषय निघालाच आहे. राज्यात 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. धरणातला, पाझर तलावातला गाळ शेतकऱ्याने नेला तर त्यावर स्वामित्वधन लागत नाही. मात्र गाळाच्या नावाखाली वाळू उचलता येत नाही. हलक्या, उथळ जमिनीला हा गाळ खरोखर उपकारक आहे. मूळच्या भारी काळ्या जमिनीत तो ओतला, तर निचरा आणखी बिघडतो.

डाळिंबाच्या बाबतीत तर उलटेच आहे. डाळिंबाला मुरमाड, पाणी न धरणारी जमीन मानवते. मुळांशी पाणी साचले की मर रोगाचे फावते. माळावरच्या मुरमाड रानात एवढे पैसे घालून काळी माती आणायची आणि वर भर उतारावर आडव्या पाळी घालून पाणी अडवायचे, असे काम मी या भागात पाहिले आहे. तिथे मशीन बोलवायचे असेल तर गादीवाफे उंच करायला आणि पाण्याला वाट काढून द्यायला बोलवावे.

"बांध आपला, रान आपले, पाणी कुठेही वळवू"

एक एकर रानावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 2 लाख लिटर पाणी जमा होते. त्यातले सगळे जिरत नाही. पूर्वी ते ज्या वाटेने जात होते, ती वाट भरावाने बंद झाली की ते शेजाऱ्याच्या रानात घुसते किंवा आपलाच नवा बांध फोडते.

कायदा इथे स्पष्ट आहे. वरच्या रानातले पाणी नैसर्गिक उताराने खालच्या रानात जाऊ देणे, हा 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने मानलेला हक्क आहे. खालच्याने ते अडवता कामा नये. शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कुणी अडथळा उभा केला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार तो काढायला लावू शकतात. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. बांधावरून भांडणे पिढ्यानपिढ्या चालतात, पण ही मुदत फार थोड्यांना माहीत असते.

सातबाऱ्यावरच्या पोटखराब्याचेही तसेच. वर्ग 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीस अयोग्य जमीन. ती साफ करून लागवडीखाली आणता येते, आणि 2018 च्या नियमबदलानंतर तशी नोंदही करून घेता येते. वर्ग 'ब' म्हणजे नाला, रस्ता, तलाव अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेली जमीन. ती आपल्याच उताऱ्यावर दिसली तरी नाला बुजवून रान वाढवता येत नाही. एखाद्या कोरड्या वर्षी बुजवलेला नाला चांगल्या पावसाच्या वर्षी आपली जागा परत मागतो. त्या पाण्यात आपल्याबरोबर खालच्या चार शेतकऱ्यांचेही जाते.

हद्दीची शंका असेल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून खुणा पक्क्या कराव्यात, मगच बकेट बांधाजवळ नेऊ द्यावी. मशीनने बांध कोरला गेला की जुनी खूण दाखवायला काही उरत नाही.

"माझ्या रानातला मुरूम माझाच"

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 नुसार खनिजांवर हक्क शासनाचा आहे, आणि मुरूम, दगड, वाळू ही गौण खनिजे आहेत. परवानगीशिवाय उत्खनन किंवा वाहतूक केल्यास खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो आणि यंत्र, वाहन जप्त होऊ शकते. जप्ती मशीनची झाली तरी दंडाच्या नोटिशीत जमीनमालकाचे नाव येऊ शकते, हे विसरू नये.

पण म्हणून "एक फावडे मारायलाही परवानगी लागते," हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज आहे. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये हा प्रश्न तपासला. खोदलेली माती कशासाठी वापरली, यावर ती गौण खनिज ठरते की नाही हे अवलंबून आहे, असे न्यायालयाने म्हटले. पाठोपाठ 2015 मध्ये राज्याच्या गौण खनिज नियमांत तरतूद झाली. भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडाच्या सपाटीकरणाला किंवा विकासाच्या कामाला वापरली, तर स्वामित्वधन लागत नाही. याच नियमांची साधी खूणगाठ अशी, की माल जागेच्या बाहेर जाणार असेल तर तहसील कचेरीची पायरी आधी चढायची.

इथे एक नेहमीचा सापळा आहे. "तळे फुकट खोदून देतो, मुरूम तेवढा आम्ही नेतो," असा प्रस्ताव येतो. ऐकायला दोघांच्याही फायद्याचा वाटतो. पण हा उघड उघड खनिजाचा व्यवहार आहे, आणि परवाना, वाहतूक पास नसेल तर तो बेकायदा आहे. शिवाय अशा वेळी खड्ड्याचा आकार तुमच्या गरजेप्रमाणे ठरत नाही, ट्रक भरण्याच्या सोयीने ठरतो.

"अनुदान येणारच आहे, आधी खोदून ठेवू"

मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याला कमाल 75 हजार रुपये मिळतात. अर्ज महाडीबीटीवर करायचा, पूर्वसंमती घ्यायची, कृषी विभागाकडून जागेची आखणी करून घ्यायची आणि मगच खोदायचे. आधी खोदलेले तळे नंतर कागदात बसवता येत नाही.

तळ्याच्या बाजूंचा उतारही अनुदानाच्या मापासाठी नसतो. वरून 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर आणि बाजू एकास एक उताराच्या असतील, तर तळ 24 बाय 24 मीटरचा होतो आणि तळ्यात 2,196 घनमीटर, म्हणजे सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. बाजू उभ्या ठेवल्या तर कागदावर पाणी वाढते, पण भिजल्यावर त्या ढासळतात. काळ्या मातीत तर एकास दीड किंवा त्याहून सौम्य उतार लागतो.

आता एक गोष्ट, जी करारात कुणीच लिहीत नाही. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले तळे ओले झाले की त्याची बाजू इतकी निसरडी होते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. त्या वाचून हळहळण्यापेक्षा मशीन असतानाच कुंपणाच्या खांबांचे खड्डे घ्यावेत आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडावेत. उघड्या विहिरीचेही असेच. मेशी शिवारात 28 जानेवारी 2020 रोजी एसटी बस आणि रिक्षा धडकून दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली, आणि 25 हून अधिक माणसे गेली. त्या दिवसानंतर तरी या तालुक्यात रस्त्यालगत खड्डा घेताना कठड्याचा विचार आधी व्हायला हवा.

"भराव टाकला, मशीन दोनदा फिरवले, आता बांधकाम करू"

जेसीबीच्या चाकाने दाबलेला भराव वरून घट्ट वाटतो, आत तो पोकळच असतो. घराच्या ओट्याचा किंवा चाळीच्या पायाचा भराव वीतभर जाडीच्या थरांनी टाकायचा, प्रत्येक थर भिजवायचा आणि रोलरने दाबायचा. भरावाला मुरूम वापरावा. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते, आणि वरच्या फरशीला, भिंतीला तडे घालते. भिंतीचा पाया भरावात न ठेवता मूळच्या पक्क्या थरापर्यंत उतरवावा. चाळीच्या जागेला दोन्ही अंगांनी उतार द्यावा. खालून ओल आली की चार महिन्यांची साठवण वाया जाते.

"झुडपे बुंध्यापासून उडवली की रान साफ"

वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली तर दुप्पट फुटवे घेऊन येते. तिचा बुंधा मुळाच्या गाठीसह निघायला हवा. हरळी, कुंदा, लव्हाळा यांचे तर मशीनने तुकडे होतात आणि मातीबरोबर चांगल्या रानात पसरतात. लव्हाळ्याची माती कांद्याच्या रानात नेणे म्हणजे पुढची कित्येक वर्षे निंदणीचा खर्च विकत घेणे. ती माती वेगळी ठेवावी, आणि बकेट व टायर धुऊन मगच मशीन दुसऱ्या रानात सोडावे.

बांधावरचे झाड आपलेच, म्हणून ते विनापरवाना तोडता येते, असेही नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, अंजन अशी झाडे आहेत. ती तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. देवळा नगरपंचायतीच्या हद्दीत नागरी भागाचा 1975 चा झाडांविषयीचा कायदा पाहावा लागतो.

"गावातलाच माणूस आहे, कागद कशाला?"

बाहेरच्या मोठ्या ठेकेदारापेक्षा गावातला माणूस मला कधीही बरा वाटतो. कुठल्या शिवारात किती फुटांवर कातळ लागतो, हे त्याला ठाऊक असते, आणि पहिल्या पावसात काही खचले तर तो दुसऱ्या दिवशी येऊ शकतो. पण ओळखीच्या व्यवहारातच कागद जास्त लागतो, कारण वाद झाला तर पैशांबरोबर संबंधही तुटतात. वहीच्या एका पानावर दोघांच्या सह्या पुरतात.

त्या पानावर काय असावे? मशीन कोणते, हे आधी. नेहमीचा जेसीबी साडेचार मीटरच्या आसपास खोल जाऊ शकतो आणि अंगण, चारी, पाइपलाइन, लहान सपाटीकरण त्याचेच काम. तळ्यासारख्या मोठ्या खोदाईला वीस टनी पोकलेन तासाला महाग असले तरी एकूण स्वस्त पडते. मात्र ते ट्रेलरवर आणावे लागते आणि तो आणण्या-नेण्याचा खर्च वेगळा असतो. खडक लागला तर ब्रेकरचा दर निराळा. तो खडक लागल्यावर नव्हे, आधी ठरवावा.

तासावर काम असेल तर मशीनच्या मीटरचे आकडे सुरू करताना आणि थांबवताना दोघांनी लिहावेत. इंजिन नुसते चालू असले तरी हा मीटर पळतो. जेवण, डिझेल भरणे, बिघाड यांचे तास कुणाच्या खात्यावर, तेही लिहावे.

ब्रासवर काम असेल तर माप कुठले, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. पण खोदलेली माती फुगते. चौथ्या हिश्श्याने फुगणे नेहमीचे, खडक तर याहून जास्त. वर सांगितलेले 30 बाय 30 चे तळे खड्ड्यात मोजले तर सुमारे 776 ब्रास भरते. तीच माती ट्रॉलीत मोजली तर 970 ब्रासच्या घरात जाते. इथे फसवणूक कुणाचीच नाही, दोन्ही मापे खरी आहेत. पण दर एका मापाचा आणि बिल दुसऱ्या मापाचे झाले, की जवळपास 200 ब्रासचा वाद उभा राहतो.

"जेसीबी हे काही वाहन नाही, त्याला कसला विमा," असेही ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच एक्स्कॅव्हेटर हे मोटार वाहन असल्याचे म्हटले आहे. नोंदणी, विमा आणि ऑपरेटरचा परवाना पाहायला मागण्यात कसलाही अपमान नाही. वरून वीजवाहिनी जात असेल तर काम सुरू करण्याआधी महावितरणच्या वायरमनला बोलवावे. ठिबकची मेन लाइन, विहिरीची केबल कुठून गेली आहे, तिथे चुना टाकून ठेवावा. ते ज्याने पुरले तोच दाखवू शकतो.

आणि पैसे तीन भागांत द्यावेत. थोडे मशीन उतरताना, मोठा भाग काम झाल्यावर, आणि शेवटचा लहानसा भाग पहिल्या चांगल्या पावसानंतर. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही. पाऊस थांबल्यावर दोघांनी मिळून रानातून चक्कर मारावी. पाणी कुठे साचले, बांध कुठे झिरपतो, सांडव्याखाली माती किती कापली गेली, ओट्याचा कोपरा किती खचला, हे तेव्हाच दिसते, आणि वाफसा आला की अर्ध्या दिवसात दुरुस्तही होते.